शालिग्रामभाऊंची धूरफवारणी

"उद्या गाव पाह्यतच राहीन!" असं शालिग्रामभाऊंनी पारावर बसून जाहीर केलं होतं. ते अगदी खरं झालं. गाव पाहतच राहिलं. फक्त गावाला दिसलं काहीच नाही, कारण मधे धूर होता!

पण धुरापर्यंत पोचायचं तर थोडं मागून यावं लागेल. सावरखुटा हे आमचं गाव डोणगावपासून आत सहा किलोमीटरवर. यंदा सरपंचपदाची निवडणूक लागली, पद महिलांसाठी राखीव निघालं, आणि शालिग्रामभाऊंच्या अंगात वारं शिरलं. उभी राहणार होती त्यांची बायको संजीवनी. पण भाऊंचं बोलणं ऐकलं तर पद त्यांच्यासाठीच राखीव निघालंय असं वाटावं! "आपन सरपंच झालो का पयले खुर्ची फिरती आनू," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत.

"खुर्चीत बसनार कोन हाय?" संजीवनीनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं.

"तूच बसनार ना! मी बाजूले बसीन. सही तुई, डोकं माहं!"

संजीवनीनं भाकरी जरा जोरात आपटली, एवढंच. तिला स्वतःचं डोकं होतं आणि ते चांगलं चालतही होतं. आठ वर्षं ती बचत गट चालवत होती. गेल्या पावसाळ्यात अर्धं गाव तापानं फणफणलं, तेव्हा मच्छरांसाठी काहीतरी करा म्हणून ग्रामपंचायतीत तिनं तीन अर्ज दिले. ग्रामपंचायतीनं धूर मारायचं मशीन विकत घेतलंसुद्धा! नारळ फुटला, सरपंच सुभद्राबाईंचा फोटो निघाला, आणि मशीन जे गोदामात गेलं ते गेलंच. आता त्याच्या टाकीवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली असे. हे सगळं बदलायचं म्हणून संजीवनीला निवडून यायचं होतं. तिला ते फार मनापासून हवं होतं, पण ही गोष्ट तिनं बोलून दाखवली नव्हती आणि भाऊंनी विचारली नव्हती.

फॉर्म ऑनलाइन भरून झाला होता. त्याची प्रिंट आणि बाकीचे कागद घेऊन मेहकरच्या तहसीलमध्ये जायचं, द्यायचं, यायचं. इतकंच काम!

"मी स्कूटीवर जाऊन देऊन येते," संजीवनी पहिल्याच दिवशी म्हणाली.

"स्कूटीवर? भावी सरपंच स्कूटीवर? अवं, लोक काय म्हनतीन! गाडी येऊन राह्यली ना आपली!"

गाडी म्हणजे भाऊंनी संभाजीनगरहून घेतलेली जुनी डिझेल गाडी. "डॉक्टरची होती! शिंगल हँड, एकच मालक! अंदरून पाहा, साधा वरखडा नाई!" पण ती कागदपत्रांत अडकली आणि आली ती थेट फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी. तोवर भाऊंनी फॉर्म रोखून धरला. सुभद्राबाई पुन्हा उभ्या राहिल्याच होत्या. दुसरं कोणी उभं नव्हतं. म्हणजे संजीवनीचा फॉर्म उद्या तीन वाजेपर्यंत पोचला नाही, तर सुभद्राबाई बिनविरोध, कोंबडी पुन्हा पाच वर्षं अंड्यांवर आणि गाव मच्छरांच्या हवाली!

गाडी दिसायला खरोखर देखणी होती. चालायला लागली की मात्र शिट्टी वाजवायची. हलकीशी नाही, चांगली लांब, वर वर चढत जाणारी. "हा पॉवरचा आवाज हाय," भाऊंनी संजीवनीला समजावलं. पण डोणगावच्या अलीकडच्या चढावर त्या पॉवरला एका सायकलवाल्यानं मागं टाकलं, तेव्हा मात्र भाऊंनी मुकाट्यानं गाडी सईदभाईंच्या गॅरेजात घातली. संजीवनीला झेरॉक्स काढायच्या होत्या म्हणून ती सोबत होती.

सईदभाई हे बोलण्यापेक्षा ऐकणारे मिस्त्री. त्यांनी इंजिनाला कान लावला, एक नळी काढली, आत बोट फिरवलं आणि काळंकुळं बोट भाऊंच्या समोर धरलं.

"भाऊ, टर्बो खलास."

"कसा काय? डॉक्टरची गाडी हाय!"

"डॉक्टरनं पेशंट पाह्यले असतीन, टर्बो नाई पाह्यला. हे पाहा, टर्बो म्हन्जे इंजिनाले हवा फुकनारा पंखा. त्याचं सील फाटलं. आता तो हवेसंगं इंजिनातलं ऑइलबी फुकून राह्यला. म्हनून शिट्टी, म्हनून ताकद नाई. उद्यापासून धूरबी सुरू होईन. नवा टर्बो अकोल्याहून मागवा लागते. दोन दिवस द्या."

"उद्या फॉर्म भराचा हाय!"

"त उद्या दुसऱ्या गाडीनं जा."

हे म्हणजे नवरदेवाला घोडीवरून उतरून एसटीनं ये म्हणण्यासारखं होतं! भाऊंनी मान अशी हलवली की सईदभाईंनी हात टेकले.

"बरं, मंग दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, जोरात रेस द्याची नाई. बिलकुल नाई! दोन, कधी कधी इंजिन ते ऑइलच डिझेल समजून प्याले लागते. मंग ते स्वतःच पळत सुटते. चाबी काढली तरी बंद होत नाई."

"चाबी काढली तरी?" भाऊ हसले. "सईदभाई, आमाले पोट्टे समजता का?"

"हसू नोका. तसं झालं त एकच इलाज. बोनेट उघडाचं अन् हवेच्या नळीचं तोंड जाड कपड्यानं दाबाचं. हातानं नाई, बोटं ओढून घेईन! श्वास कोंडला का चूप होते."

हे शेवटचं सांगून होईतो भाऊ गाडीच्या पुढ्यात उभे राहून स्वतःचा फोटो काढत होते. बोनेट उघडं असल्यामुळे फोटोत गाडी बरी येत नव्हती, म्हणून ते जरा चिडलेही होते.

"कोनती नळी, सईदभाई?" संजीवनीनं विचारलं.

सईदभाईंनी दाखवली. तिनं नीट वाकून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाराजवळ थाटच थाट! भाऊंचं नवं जॅकेट, गाडीला झेंडूचे हार, मागं तीन ट्रॅक्टर, त्यांच्या मागं डोणगावचा बँड. मारुतीपुढे नारळ फुटला. गावातल्या वडीलधाऱ्यांनी संजीवनीला शाल आणि श्रीफळ दिलं. शाल चांगली जाडजूड, लोकरीची. ऑक्टोबरच्या उन्हात ती अंगावर घेऊन संजीवनी गाडीत बसली. फॉर्मची प्लास्टिकची फाइल तिनं छातीशी धरली होती.

"सरळ मेहकरले चला," ती म्हणाली.

"सरळ कसं? पयले गावातून एक फेरी! गाडी गावानं पाहा नोको का?"

"तीन वाजेलोक मुदत हाय."

"अवं, आता दहा वाजून राह्यले! तीन वाजेलोक मी मुंबईले जाऊन येईन!"

फेरी निघाली. पहिल्या गल्लीच्या तोंडाशी गाडीनं शिट्टी घातली, दुसऱ्या घरापाशी जरा खाकरली, आणि चौथ्या घरापाशी मागच्या नळीतून असा काही धूर सुटला की आरशात बघणाऱ्या भाऊंना पहिला ट्रॅक्टर दिसेनासा झाला. मग दुसरा. मग तिसरा! बँडचं काय झालं ते आवाजावरून कळत होतं. क्लॅरिनेटवाला सुरात होता तो खोकल्यात गेला, त्याच्या पाठोपाठ तुतारीवाला, आणि शेवटी एकटा ढोलवाला अंदाजानं वाजवत राहिला. निळसर पांढरा, दाट, तेलकट वासाचा तो धूर गल्लीत भिंतीपासून भिंतीपर्यंत भरला.

तेवढ्यात समोरच्या दारातून भीमाबाई धावत बाहेर आली. वय पंच्याहत्तर, पण आवाज पंचविशीतला.

"आला वं माय! आला! मच्छराचा धूर आला! अवं छकुले, दरवाजे उघड, खिडक्या उघड, गोधड्या बाहेर काढ!"

ती थेट गाडीपुढे आडवी उभी राहिली आणि हात वर केला.

"थांब! मागं घे. खाटेखाली गेला नाई अजून!"

आता बघा हं, त्या घडीला भाऊंना खरं सांगता आलं असतं. मावशी, हा मच्छराचा धूर नाही, माझ्या नव्या गाडीचा टर्बो गेलाय, असं एक वाक्य. पण पाच दिवस ज्या गाडीचं कौतुक सांगून सांगून घसा बसवला, ती पहिल्याच गल्लीत बिघडली हे कोणत्या तोंडानं सांगायचं? भाऊंनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"हाव मावशी! तुमच्यासाठीच हाय!"

"गाडीले मशीन लावलं का रे बापू?"

"लावलं ना! अंदरून लावलं. दिसत नाई ते!"

संजीवनीनं त्यांना असा चिमटा काढला की जॅकेटच्या आत वळ उठला असेल.

"खोटं काऊन बोलता?"

"खोटं कुठी हाय? धूर हाय का नाई?" भाऊ कुजबुजले. "अन् मतं वाढून राह्यली, ते दिसत नाई तुले?"

मतं वाढत होती यात शंका नाही. पण मतांसोबत फर्माइशीही वाढत होत्या. भीमाबाईच्या खाटेखाली धूर गेला, तर शेजारणीच्या कोठीत का नको? कोठीत गेला तर पलीकडच्या गोठ्यात का नको? एका घरात अशी अडचण निघाली की गाडीचा धूर मागून येतो आणि दार पुढे आहे. मग भाऊंनी ती अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये पार केली! मान मागं वळवून वळवून त्यांची मान तशीच राहायची वेळ आली. गोठ्यातली म्हैस दावं तोडून शेताकडे गेली. मच्छर गेले की नाही ते नक्की सांगता येत नाही, कारण मोजायला डोळे उघडे ठेवणं शक्य नव्हतं. पण लोक खूश होते. खोकत होते आणि खूश होते!

फोन गेले. धुरापेक्षा बातमी जोरात पसरली. साडेबाराला गाडी कशीबशी मेहकर रस्त्याच्या दिशेनं वळली, तर मशिदीजवळ जमीलाबी कमरेवर हात ठेवून उभी. जमीलाबी संजीवनीच्याच बचत गटातली, हिशेबाला पक्की आणि तोंडानं त्याहून.

"क्या शालिग्रामभाई? उधर चार गल्ल्या हुई. हमारी गल्ली गाव में नहीं क्या? हमारे मच्छर काटते नहीं क्या?"

"नाई नाई, भाभी, येऊनच राह्यलो होतो!"

"तो रोड की तरफ काहे को मोड रहे थे?"

गाडी पुन्हा आत वळली. ऑइलचा डबा दोनदा ओतून झाला होता. चढ आला की गाडी थांबे, मग दहा-बारा जण धूर खात खात तिला ढकलत आणि वर पोचल्यावर "आमच्याकडं पयले" म्हणून भांडत. संजीवनी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. तिचं ते घड्याळ बघणं भाऊंना आता टोचायला लागलं होतं.

सव्वा वाजता गाडी चौकात आली, आणि चौकाच्या मधोमध शेखर उभा होता. शेखर म्हणजे सरपंच सुभद्राबाईंचा मुलगा. आईच्या नावावर गाव तोच चालवायचा. त्याच्या हातात मोबाइल होता आणि तो शूटिंग करत होता.

"काका, आचारसंहिता लागू हाय, मालूम हाय ना?"

"मंग?"

"मंग काय? मतदाराले फुकट काई दिलं का ते आमिष होते. तुमी पूर्ण गावात फुकट धूर मारून राह्यले! व्हिडिओ हाय माझ्यापाशी. काकूचा फॉर्म बादच समजा. धम्मशीलाताई, करा पंचनामा!"

धम्मशीलाताई आमच्या ग्रामसेविका. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, पण कागद मागितला की कागद करणार. त्या वही घेऊनच आल्या होत्या.

भीमाबाई मधे पडली. "कारे शेखर! तुही माय पाच वर्षांत मारत नाई, अन् दुसऱ्यानं मारला त तक्रार करतं? लाज वाट्टे का?"

लोक हसले. पण धम्मशीलाताई हसल्या नाहीत.

"भीमाबाई, शेखरचं म्हणणं नियमात बसतं," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही सांगा. ही धूरफवारणी तुम्ही केली का? हो किंवा नाही. मला तहसीलला कळवायचं आहे."

भाऊंनी संजीवनीकडे पाहिलं. ती गाडीतून उतरून उभी होती. शालीवर काजळी बसलेली, केस विस्कटलेले, पण हातातली फाइल तशीच पांढरी स्वच्छ. धुरात सगळा वेळ तिनं ती पदराखाली झाकून ठेवली होती. तिला हे इतकं हवं आहे, हे भाऊंना तेव्हा कुठे कळलं. आणि आपल्या फुशारकीपायी ते तिच्या हातून जाणार, हेही. खरंच सांगतो, त्या माणसाला इतकं लाजताना गावानं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"नाई," भाऊ म्हणाले. मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "ही फवारनी नव्हती. माही गाडी बिघडली हाय. टर्बो खलास हाय. मी... मी खोटं बोललो."

असं बोलल्यावर माणसाला वाटतं की आता सुटलो. पण गावानं विश्वासच ठेवला नाही!

"हॅट! डॉक्टरची गाडी कशी बिघडीन?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "तुमीच त सांगत होते, शिंगल हँड!"

"आता घाबरून गेला बिचारा," भीमाबाई कळवळून म्हणाली. "घाबरू नोको बापू! मी साक्ष देतो. माझ्या घरात धूर मारला, मच्छर पटापट पडले. लिव्ह वं धम्मशीला, माहं नाव लिव्ह!"

"मेरा भी लिखो," जमीलाबी म्हणाली. "अच्छा काम किया तो डरना काहे को?"

प्रेमानं गळा आवळणं म्हणतात ते असं. एकेक बाई पुढे येऊन संजीवनीच्या विरुद्धचा पुरावा मोठ्या अभिमानानं लिहून द्यायला लागली! शेखर तर आनंदानं मोबाइल धरून त्यांना रांगेत उभं करत होता.

"अहो, खरंच बिघडली हाय!" भाऊ रडकुंडीला आले. "थांबा! दाखवतोच तुमाले! ऐका हा आवाज!"

ते गाडीत बसले. त्यांनी गाडी सुरू केली.

"अहो, रेस देऊ नोका!" संजीवनी ओरडली.

पण भाऊंना पुरावा द्यायचा होता. त्यांनी पाय तळापर्यंत दाबला.

शिट्टी वर चढली. आणखी चढली. भाऊंनी पाय काढला. शिट्टी चढतच राहिली! इंजिन गरजायला लागलं, बोनेट थरथरायला लागलं, हारातली झेंडूची फुलं एकेक करून उडायला लागली. भाऊंनी चावी फिरवली. काही नाही. चावी काढली. काही नाही! ते दार उघडून बाहेर उडी मारून आले आणि चावी उंच धरून सगळ्यांना दाखवायला लागले.

"चाबी माझ्या हातात हाय! पाहा! चाबी माझ्या हातात हाय!"

कोणी काही पाहू शकत नव्हतं. आधीचा सगळा धूर नुसती उदबत्ती होता! आता जो निघाला त्यानं चौक गेला, पार गेला, मारुतीचं देऊळ कळसासकट गेलं. ट्रॅक्टरवाले ट्रॅक्टर सोडून पळाले. ढोलवालासुद्धा थांबला. त्या पांढऱ्या अंधारातून नुसते आवाज येत होते. "अवं माय!" "या अल्ला!" "छकुले, दरवाजे उघडे हायेत ना?" हा शेवटचा भीमाबाईचा.

"सईदभाईनं काई सांगतलं होतं!" भाऊ गोल गोल फिरत ओरडत होते. "काई तरी सांगतलं होतं! काय सांगतलं होतं?"

"बाजूले व्हा," संजीवनी म्हणाली.

तिनं फाइल जमीलाबीच्या हातात दिली, अंगावरची शाल काढली आणि चाचपडत बोनेट उघडलं. वाकून ती नळी शोधली. शालीच्या चार घड्या केल्या आणि नळीच्या तोंडावर सगळा जोर लावून दाबल्या. इंजिनानं शाल आत ओढून पाहिली. शाल जाड होती, आणि दाबणारी बाई रोज शंभर भाकऱ्यांचं पीठ मळून बचत गटाचे जेवणाचे डबे चालवणारी होती. इंजिन गुरगुरलं, घरघरलं, दोन आचके दिले आणि चूप झालं.

इतकी शांतता झाली की गोदामातली कोंबडी ओरडलेली ऐकू आली.

धूर हळूहळू वर चढला. तेव्हा दिसलं की शेखर खाली बसून डोळे चोळतोय आणि मोबाइल नालीत पडलाय. धम्मशीलाताई तिथेच उभ्या होत्या. चष्म्याच्या दोन्ही काचा काळ्या झाल्या होत्या. त्यांनी काचा पदरानं पुसल्या, वहीतलं आधीचं पान उलटलं आणि नव्या पानावर मोठ्यानं वाचत लिहायला सुरुवात केली.

"सदर वाहन चावी काढल्यानंतरही स्वतःच्या इच्छेने चालू राहिले. यावरून वाहन नादुरुस्त असल्याची पंचांची खात्री पटली. धूर हा फवारणीचा नसून बिघाडाचा आहे. सबब आमिष दिल्याचे दिसून येत नाही." मग त्यांनी मान वर केली. "शेखर, पंच म्हणून तूच सही कर. तू अगदी जवळ होतास."

शेखरनं सही केली. नाही म्हणायला त्याच्या घशातून आवाज निघत नव्हता.

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. भाऊंनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. ट्रॅक्टरनं मेहकर म्हणजे साडेतीन. ते काही बोलणार तोच घराकडून स्कूटीचा आवाज आला. सही चालू असताना घरी पळालेली संजीवनी स्कूटीवर आली, थांबली, जमीलाबी फाइल घेऊन मागं बसली.

"मी बसू?" भाऊंनी विचारलं.

"जागा नाई. तुमी गाडी पाहा."

स्कूटी सुसाट निघाली. शिट्टी नाही, धूर नाही! भाऊ पारावर बसून राहिले. तोंड काळं, जॅकेट काळं, हातात अजून चावी. तीन वाजता त्यांनी फोन हातात घेतला. तीन वाजून दोन मिनिटांनी ठेवला. पाच मिनिटांनी फोन स्वतःच वाजला.

"भरला," संजीवनी म्हणाली. "पाच मिनिटं बाकी होती."

भाऊ उभे राहिले आणि ओरडायला तोंड उघडलं, पण खोकलाच आला. मग त्यांनी नुसती चावी हवेत उडवली. ती चार दिवसांनी नालीत सापडली, शेखरच्या मोबाइलच्या शेजारी.

पुढचं सांगायला वेळ लागत नाही. संजीवनी निवडून आली, आणि चांगल्या मतांनी आली. काही म्हणतात चिमणीतून निघाल्यासारखी चौकात उभी राहून तिनं ती शाल दाबली म्हणून, काही म्हणतात धुरामुळे. पहिल्या दिवशी भाऊ जॅकेट धुऊन, इस्त्री करून ग्रामपंचायतीत हजर झाले आणि सरपंचाच्या खुर्चीशेजारी स्वतःची खुर्ची ओढायला लागले.

"थांबा," सरपंच म्हणाल्या. त्यांनी खणातून गोदामाची किल्ली काढून भाऊंच्या हातात ठेवली. "मशीन सईदभाईनं चालू करून देल्लं. कोंबडी हलवली. दर शनवारी संध्याकाळी गावात धूर माराचा हाय. अनुभवी मानूस गावात एकच हाय."

तेव्हापासून दर शनिवारी शालिग्रामभाऊ मशीन खांद्याला अडकवून गल्लोगल्ली फिरतात. काम मन लावून करतात, खाटेखालीसुद्धा मारतात. गाडीला अकोल्याहून नवा टर्बो आला. आता ती शिट्टी वाजवत नाही, धूर सोडत नाही, आणि तिच्याकडे कोणी बघतही नाही!

एवढ्यावर सगळं ठीक चाललं होतं. पण परवा भीमाबाईनं ग्रामपंचायतीत एक अर्ज दिला. मशीनच्या धुरात दम नाही, गाडीचा धूर कसा पोटातून यायचा, म्हणून शालिग्रामभाऊंच्या गाडीचा टर्बो गावहितासाठी पुन्हा बिघडवण्यात यावा. खाली बेचाळीस सह्या आणि एकोणीस अंगठे! भाऊ तावातावानं तो अर्ज घेऊन सरपंचांकडे गेले. सरपंचांनी तो शांतपणे वाचला, पेन उघडलं आणि शेरा मारला.

"अर्जदारांची भावना रास्त आहे. मात्र गाडीमालकास टर्बोबाबत काहीही सांगितले तरी तो ऐकत नाही, असा या कार्यालयाचा पूर्वानुभव आहे."